मागची सीट

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं धाकटा स्वतःला सांगत असे. पत्र आलं तेव्हा खिडक्या रात्रभर उघड्या ठेवाव्या लागत. आता सकाळी गाडीच्या काचा दवानं पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या, तरी ते शब्दकोशात तसंच पडून होतं. आधी ते टेबलाच्या खणात होतं. पण खणात आई कधीमधी कात्रीसाठी हात घालायची. आईला फारसं दिसत नव्हतं, मात्र तिच्या बोटांना पुष्कळ कळायचं. म्हणून पत्राची बदली शब्दकोशात झाली. तो जाडजूड ग्रंथ उचलण्याचं बळ आईत नव्हतं.

धाकटा हे त्याचं घरातलं नाव. वय साठीच्या पलीकडे, डोक्यावर केस नावापुरते, छापखान्यातली मुद्रितं तपासण्याची नोकरी संपूनही बरेच दिवस झालेले. पण ताई थोरली आणि आई हयात, तेव्हा घरात तो धाकटाच राहिला. लग्न झालं नाही. का झालं नाही असं कुणी विचारलं की तो चष्मा पुसायला घ्यायचा आणि विचारणाराच ओशाळून विषय बदलायचा.

ताईला ऐकू येत नाही. फोन तिच्या कामाचा नाही. त्यामुळे मायलेकींचं सगळं बोलणं टपालानं. ताई लिहायची, धाकटा मोठ्यानं वाचायचा. आई सांगायची, धाकटा लिहायचा. दोघींना एकमेकींपर्यंत पोचायला त्याच्या तोंडाशिवाय आणि हाताशिवाय दुसरी वाट नव्हती.

ते पत्रही त्यानं असंच वाचायला घेतलं होतं. आई पलंगावर पाय लांब करून बसली होती, हातात चहाचा कप. गुडघा दुखतो आहे, शेजारणीची मांजर पुन्हा व्याली, पिल्लांना नावं ठेवायला मला सांगितलं आहे पण हाक मारून ती आली की नाही ते मला कसं कळणार, वगैरे. आई हसत होती. मग पुढचा परिच्छेद आला.

"आईला कधी घेऊन येतोस? खालची खोली झाडून ठेवली आहे. या खेपेला लवकर आण आणि जास्त दिवस राहू दे. मला आता घराबाहेर पडवत नाही, नाहीतर मीच आले असते. इथे भांडायला कुणी नाही."

मुद्रितं तपासणाऱ्याचे डोळे नेहमी जिभेच्या दोन ओळी पुढे असतात. धाकट्याच्या डोळ्यांनी हे सगळं वाचलं आणि त्याच्या जिभेनं सरळ उडी मारली. "बाकी सर्व ठीक. तब्येतीला जपा. पत्र पाठवा," असं त्यानं त्याच सुरात वाचलं, आणि कागदाची घडी घातली.

"एवढंच?" आईनं विचारलं.

"एवढंच."

छापखान्यात याला ओळ गळणं म्हणत. उभ्या नोकरीत त्यानं लोकांच्या गळलेल्या ओळी पकडल्या होत्या. तांबड्या शाईची खूण करून तो समासात लिहायचा, 'मूळ प्रत पाहा.' एकदा एका कवीच्या पुस्तकात अख्खं कडवं गळलं, आणि ती चूक धाकट्याच्या नजरेतून सुटली नाही म्हणून मालकांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली होती. ती थाप त्याला आता उगाचच आठवायला लागली.

तर असं का केलं? कारण लाज वाटेल इतकं साधं होतं. गाडीला मागची सीट नव्हती.

आईच्या कमरेचं हाड मोडून सांधल्यापासून तिला बस चालत नव्हती, आगगाडी चालत नव्हती, भाड्याची मोटारही चालत नव्हती. परक्या ड्रायव्हरला दर अर्ध्या तासानं 'थांब रे बाबा' कुणी म्हणायचं, असं तिचं म्हणणं. तिला चालायची ती एकच जागा: धाकट्याच्या जुन्या छोट्या गाडीची मागची सीट. डाव्या दाराला पाठ, पाय सीटवर लांब, गुडघ्याखाली उशी. दर वर्षी थंडी पडण्याआधी ती अशी ताईकडे जायची आणि पंधरवडाभर लेकीशी मनसोक्त भांडून ताजीतवानी होऊन परत यायची. ती गाडी खरं तर त्यासाठीच घेतलेली.

मग धाकट्याच्या हाती वळणांवरचं एक पुस्तक पडलं. रद्दीवाल्याकडे दुसरंच काही शोधताना त्याला ते दिसलं. गाडी वळणात कशी शिरते, भार पुढच्या चाकावर कधी येतो, ब्रेक कुठे सोडायचा. जन्मात कधी ठरलेल्या वेगापुढे काटा न नेलेला माणूस, पण त्या आकृत्यांत तो रंगून गेला. एक पुस्तक दोन झालं, दोनाचं कपाट झालं. आणि वर्तमानपत्रात कोपऱ्यात जाहिरात आली: शर्यतीचा ट्रॅक एक दिवस नवशिक्यांसाठी खुला. शर्यत नाही, घड्याळ नाही, शेजारी शिकवणारा बसेल, आपली रोजची गाडी घेऊन या. धाकट्यानं नाव नोंदवलं आणि आठवडाभर कुणाशी नीट बोलला नाही. इतका आनंद त्याला यापूर्वी झाला होता की नाही, हेच त्याला आठवेना.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक त्याला प्रोफेसर म्हणायचा. धाकट्यानं कुणाला कधी काही शिकवलं नव्हतं, पण बगलेत पुस्तक असलं की मेकॅनिकच्या लेखी तो प्रोफेसर.

"नवशिक्यांच्या दिवसाला काही लागत नाही हो प्रोफेसर," त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "ब्रेक ऑइल ताजं, पॅड जाड, टायर धड, चाकांचे नट कसलेले, बॅटरी घट्ट. आणि गाडीत सुटं काही नको, नाहीतर पाण्याची बाटली पेडलखाली जाते आणि तुम्ही देवाघरी."

"पण पुस्तकात म्हटलंय, मूळ स्प्रिंगा फार मऊ असतात."

"पुस्तकात काय, काहीही म्हणतील."

असं म्हणाला खरा, पण मेकॅनिकलाही हात शिवशिवत होतेच. रोज त्याच त्या क्लचप्लेटा बदलून तो कंटाळला होता. दोघंही एकमेकांच्या आडून मोहात पडले. ब्रेकची हवा काढायला धाकटा आत बसायचा आणि मेकॅनिक चाकामागून ओरडायचा, "दाबा! धरा! धरा म्हटलं ना, सोडलं की सगळी हवा परत आत!" धाकटा पाय थरथरेपर्यंत पेडल धरून ठेवायचा. जुनं काळपट ऑइल नळीतून जाऊन मधाच्या रंगाचं नवं यायला लागलं की दोघं एकमेकांकडे बघून हसायचे. तिथं थांबायला हवं होतं. पण मग आखूड, कडक स्प्रिंगा आल्या. ड्रायव्हरला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी खोल सीट आली. गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसू लागली आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याचा हिशेब धाकट्याच्या मणक्याला देऊ लागली.

मागची सीट काढायची कल्पना सर्वस्वी धाकट्याची. वजन कमी.

"आणि आजी?" मेकॅनिकनं पाना हातात धरूनच विचारलं.

"परत बसवायची आहेच की. दोन बोल्ट आणि दोन खिट्ट्या."

"बघा बुवा. त्या पुस्तकवाल्याची आई मागं बसत नसेल."

सीट निघाली तेव्हा खाली खोकल्याच्या गोळ्यांचे कागद निघाले, केसांचा आकडा निघाला, आणि आई दोन वर्षं शोधत होती तो हातरुमाल. धाकट्यानं ते सगळं रद्दी कागदात बांधलं, आणि ते आईला कसं द्यायचं हे न सुचल्यामुळे कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलं. सीट त्यानं आपल्या खोलीत आणली. पुस्तकांच्या कपाटापुढे ठेवली, वर चादर घातली. आईला त्यानं सांगितलं, गाडीचं काम निघालंय. खोटं नव्हतंच ते, असं त्याला वाटलं. आणि त्यानंतर आठवड्याभरात ताईचं पत्र आलं.

ट्रॅकचा दिवस झाला की सीट बसवू, स्प्रिंगा बदलू, आणि मग सहज आठवल्यासारखं म्हणू, अगं, ताईनं बोलावलंय. एवढाच त्याचा बेत होता. महिन्याभराचा तर प्रश्न. पण ट्रॅकवाल्यांनी तारीख एकदा पुढे ढकलली, मग पुन्हा एकदा.

इकडे आई उत्तर सांगेना. एरवी पत्र आलं की दुसऱ्या सकाळी ती 'घे लिहायला' म्हणायची. या वेळी धाकट्यानंच दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "राहू दे, लिहू सावकाश." त्याला बरंच वाटलं. आपल्याला सवड मिळाली, असं तो समजला.

ट्रॅकच्या दिवसाच्या आदल्या दुपारी तो आईच्या पायाला तेल चोळत होता. मनात टायरमधल्या हवेचे आकडे घोळत होते. आई मध्येच म्हणाली, "या वर्षी तिनं बोलावलं नाही मला."

धाकट्याचा हात थांबला.

"दर वर्षी लिहिते. खोली झाडली, लवकर ये, अमुक तमुक. या वेळी मांजराची पिल्लं लिहिली, माझं नाव नाही." आई भिंतीकडे तोंड करून बोलत होती. "गेल्या खेपेला मी तिला जास्त बोलले. तुझ्या हातच्या भाजीला चव नाही म्हटलं. बहिरी आहे, पण ओठ बघून सगळं कळतं तिला. लागलं असेल."

"तसं काही नसेल गं."

"तुला काय माहीत? माझंही चुकलंच. दुसऱ्याच्या घरी दोन-दोन आठवडे जाऊन पडायचं आणि वर चवी काढायच्या. थकली असेल तीही. मला कमरेचं, तिला गुडघ्याचं. कोण कुणाचं करणार? ती बोलवत नाही तर आपण होऊन लिहायचं नाही. उगीच तिला भीड पडेल." मग थोड्या वेळानं, "चोळ की, झोपलास काय?"

धाकटा चोळू लागला. बोलायची वेळ तीच होती, हे त्याला कळत होतं. उद्या संध्याकाळी सांगू, असं तो मनात म्हणाला. एक दिवस. पहाटे उठायचं होतं, मेकॅनिक नटांवर शेवटचा हात फिरवायला येणार होता. स्वतःच्या बापाच्या मरणालाही असा माणूस 'उद्या येतो' म्हणेल, हेही त्याच्या मनात आलं. आणि तरी तो तेल चोळत राहिला.

ट्रॅकवर सकाळी गाड्यांची रांग लागली होती. तपासणारा एकेकाचं बॉनेट उघडून बॅटरी हलवून बघत होता, चाकं हातानं झटकत होता. धाकट्याच्या पुढे एका बेकरीवाल्याची घरगुती गाडी होती, अंगावर ओरखडे, मागच्या काचेवर लहान मुलाची चित्रं चिकटवलेली. बेकरीवाल्यानं डिकीतून खेळणी, छत्री आणि एक पाव काढला, मागच्या सीटवरची मुलाची खुर्ची सोडवली, आणि सगळं भिंतीशी नीट रचून ठेवलं. तपासणाऱ्यानं त्याचं ब्रेक ऑइल पाहिलं, मान डोलावली, झालं.

धाकट्याच्या गाडीपाशी मात्र तो जरा रेंगाळला. आत वाकून रिकामा, पत्र्याचा मागचा भाग पाहिला. "शर्यतीत उतरताय की काय, काका?"

"नाही, नाही. नवशिकाच आहे."

"बरं बरं. जपून."

शिकवायला शेजारी बसली ती तिशीतली, खणखणीत आवाजाची बाई होती. "काका, स्टिअरिंग आहे ते, पळून नाही जाणार. सैल धरा. लांब बघा. नाकासमोर नका बघू, नाक घरीही दिसतं."

आणि धाकट्यानं चालवली. पहिल्या फेऱ्या गांगरून गेल्या. मग एका लांब वळणात त्यानं ब्रेक हळूहळू सोडला, पुस्तकातल्या त्या आकृतीत होता तसा, आणि गाडीचं नाक आपसूक आत वळलं. कुणी हात धरून वळवावं तसं. त्याच्या घशातून एक आवाज निघाला. शिकवणारी हसली. "आलं! आलं काका, हेच!" सरळ रस्त्याच्या टोकाला त्यानं जोरात ब्रेक दाबला तेव्हा पेडल दगडासारखं घट्ट लागलं, आणि त्याला मेकॅनिकचं 'धरा, धरा' आठवलं.

आनंद झाला, हे त्याला नंतर नाकबूल करता येईना. त्या फेऱ्यांत आई त्याच्या मनात नव्हती. ताई नव्हती. पत्र नव्हतं. वळण संपलं आणि ती तिघं एकदम परत आली. मोकळ्या मागच्या भागात पत्रा खडखडला तेवढ्यानंही.

खाली उतरल्यावर शिकवणारीनं गाडीच्या खिडकीत कोपर टेकलं. "एक बोलू? या स्प्रिंगांनी तुमचं नुकसानच झालंय. त्या उंचवट्यावर गाडी ससा होते, चाक जमिनीला लागतच नाही. तो बेकरीवाला बघा, कसा आरामात फिरला. पुढच्या वेळी मूळच्या घालून या. आणि मागची सीट कशाला काढली?"

"वजन," धाकटा पुटपुटला.

"वजन! कितीसं ते. मागं कुणी बसत नाही वाटतं घरचं?"

धाकट्यानं चष्मा काढला आणि पुसायला लागला. पलीकडे बेकरीवाल्यानं मुलाची खुर्ची परत सीटवर बसवली, पट्टा ओढून पाहिला, पाव डिकीत टाकला आणि शीळ घालत गाडी घेऊन निघून गेला. दुपारच्या फेऱ्या बाकी होत्या. धाकट्यानं त्या घेतल्या नाहीत.

घरी पोचला तेव्हा उन्हं कलली होती. आई पलंगावर नव्हती. स्वयंपाकघरात नव्हती. ती धाकट्याच्या खोलीत होती. चादर बाजूला पडली होती, आणि ती त्या सीटवर, डाव्या अंगाला टेकून, पाय लांब करून बसली होती. गुडघ्याखाली त्याचीच उशी.

"तुझी उशी न्यायला आले, धुवायला," ती म्हणाली. "कशाला तरी अडखळले. आधी वाटलं, सोफा आणलास की काय. मग हात फिरवला. इथं माझा शिवलेला फाटका कोपरा आहे. मीच शिवलाय, गाडीत बसल्या बसल्या." ती बोटानं ते टाके चाचपत होती. "गाडी दुरुस्तीला आहे म्हणालास."

"काढली मी सीट. ट्रॅकसाठी."

"ते गोल गोल फिरायला?"

"हो."

"बरं. फिरलास?"

"फिरलो."

"मग झालं तर. मला सांगायचं होतंस. मी कुठं जातेय आता? बोलावलंय कुणी?"

तो दारातच खाली बसला. आईच्या पायांशी, लहानपणी मार मिळणार असला की बसायचा तसा. मग त्यानं सांगितलं. ताईनं बोलावलंय. दर वर्षीसारखंच. पत्रात होतं, मी वाचलं नाही. मी गाळलं.

आईनं टाक्यांवरचं बोट उचललं. तिनं आवाज चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"आण ते पत्र."

त्यानं शब्दकोश उघडला, पत्र काढलं आणि तो परिच्छेद वाचला. 'इथे भांडायला कुणी नाही' इथपर्यंत, एकही शब्द न गाळता.

"पुन्हा वाच."

त्यानं पुन्हा वाचला. आईनं मान तिरकी करून ऐकला, जणू भिंतीपलीकडचं कुणी बोलत होतं.

"हे खरंच तिनं लिहिलंय," ती म्हणाली, "की मला वाईट वाटलं म्हणून तू आत्ता रचून वाचतोयस?"

"आई! शपथ घेतो."

"शपथ कसली घेतोस? तेव्हाही 'एवढंच' म्हणालास, याच आवाजात. मला काय कळणार? मला नुसते पांढरे कागद दिसतात." तिनं पत्र त्याच्या हातातून घेतलं, डोळ्यांशी नेलं, उलटसुलट केलं आणि आपल्या मांडीवर ठेवलं. "मी महिनोन्‌महिने पोरीवर रुसून बसले. तिकडे तीही म्हणत असेल, म्हातारी बोलावूनही येत नाही, उत्तरही टाकत नाही. आमच्या दोघींच्या मध्ये तू एकटा आहेस रे. एकटाच आहेस." मग ती म्हणाली, "मला उठव."

त्यानं हात दिला. तिनं तो धरला, कारण दुसरा हात नव्हता धरायला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो गॅरेजमध्ये गेला. "स्प्रिंगा जुन्या घाला. खोल सीट काढा. मागची सीट घरी आहे, घेऊन येतो."

मेकॅनिकनं हातातला पाना खाली ठेवला. "लोक गाडी मॉडिफाय करून घेतात, तुम्ही उलटं करताय. आपटली काय कुठे?"

"नाही. छान झालं. ब्रेक फार छान लागले."

"मग?"

धाकट्यानं सांगितलं. सगळं नाही सांगायचं असं ठरवून गेला होता, पण सगळंच बाहेर पडलं. मेकॅनिक ऐकता ऐकता हात पुसत राहिला, ते आधीच स्वच्छ झाले होते तरी.

"मीही गप्प बसायला नको होतं," तो म्हणाला. "त्या स्प्रिंगा बघून माझीच लाळ गळत होती. नवे पॅड आणि ऑइल राहू द्या. आजींनाही ब्रेक लागतातच की."

सीट गॅरेजमध्ये पोचवून धाकटा घरी आला आणि उत्तर लिहायला बसला. तीन कागद फाडले. पहिल्यात 'अनवधानाने' असं लिहिलं होतं. ते त्यानं स्वतःच तांबड्या शाईनं खोडलं. दुसऱ्यात स्प्रिंगांचंच वर्णन पानभर झालं. तिसऱ्यात त्यानं स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की ताईला वाचताना त्यालाच समजवावं लागलं असतं. चौथा कागद अर्धा पान झाला. तो घेऊन तो आईकडे गेला.

"वाचून दाखवू?"

"नको," आई म्हणाली. "मिस्त्री गाडी सोडायला येईल ना, त्याला वाचायला सांगू."

धाकट्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण तो नाही म्हणू शकला नाही. तेवढा हक्क आता त्याच्याकडे उरला नव्हता. खोलीत परत जाऊन त्यानं कागदाच्या शेवटी आणखी एक वाक्य लिहिलं.

संध्याकाळी मेकॅनिक गाडी घेऊन आला. गाडी पुन्हा आपल्या उंचीला आली होती, जरा बावळट, ओळखीची. आईनं त्याला पलंगाशेजारी खुर्ची दिली आणि आधी ताईचं पत्र हातात दिलं. "हे वाच रे बाबा. सगळं वाच. मधलं काही गाळू नकोस."

"आजी, मला अशा वाचनाची सवय नाही. नंबर प्लेट सोडली तर—"

"तेच बरं. वाच."

मेकॅनिकनं बोट ठेवून, अडखळत, मांजरासकट सगळं वाचलं. 'भांडायला कुणी नाही' आलं तेव्हा आईनं डोळे मिटले. धाकट्यानं रचलेलं नव्हतं, हे तिला कळलं. आणि ते कळून घ्यायला तिसरा माणूस लागला, हे धाकट्याला कळलं. मग मेकॅनिकनं उत्तर घेतलं.

"'प्रिय ताई, तुझं पत्र वेळेवर मिळालं. त्यातलं तू आईला बोलावल्याचं मी तिला वाचून दाखवलं नाही. मी गाडीची मागची सीट माझ्या हौसेसाठी काढली होती आणि ते तिला सांगायची मला लाज वाटली. तिला वाटलं तू बोलावलं नाहीस. तुला वाटलं असेल ती येत नाही. दोघींचं काही चुकलेलं नाही. सीट परत बसवली आहे. आई म्हणेल तेव्हा तिला घेऊन येतो. हे पत्र तिला दुसऱ्यानं वाचून दाखवलं आहे. तुझा धाकटा.'"

आपलीच वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना धाकट्याला प्रत्येक शब्द उघडा पडल्यासारखा वाटला. मेकॅनिकनं एके ठिकाणी 'हौसे'चं 'हौशी' वाचलं. धाकट्यानं ओठ उघडले आणि मिटून घेतले.

"शेवटचं वाक्य कुणी सांगितलं तुला?" आईनं विचारलं.

"कुणी नाही."

"हं." आईनं पदरानं नाक पुसलं. "मिस्त्री, पेन आहे? खाली दोन ओळी माझ्या लिही. मी सांगते तशा." मग धाकट्याच्या दिशेनं तिनं मान वळवली. "तू जा बाहेर. गाडी बघून ये."

धाकटा बाहेर गेला. गाडीचं मागचं दार उघडून उभा राहिला. सीट जागेवर होती, शिवलेला कोपरा डाव्या अंगाला. वरच्या फळीवरचं रद्दी कागदाचं पुडकं त्यानं सकाळीच काढून आईच्या उशाशी ठेवलं होतं. आतून मेकॅनिकचा आवाज येत होता, "जरा हळू सांगा आजी, ऱ्हस्व का दीर्घ?" आणि आईचा, "कसंही लिही, तिला कळतं." मग दोघं हसले. कशाला हसले, ते त्याला ऐकू आलं नाही.

मेकॅनिक बाहेर आला तो बंद पाकीट घेऊन. चिकटवलेल्या कडेवर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला होता. "आजींनी टाकायला सांगितलंय. आत्ताच." जाता जाता तो थांबला. "आणि म्हणाल्या, टायरमधली हवा तपासून घे, परवा उजाडताच निघायचंय. पत्र पोचेपर्यंत थांबणार नाहीत म्हणे. पत्र मागून आलं तरी चालेल, पण यायला हवं."

टपालपेटी रस्त्याच्या वळणावर होती. धाकटा पायीच गेला. वाटेत त्यानं पाकीट एकदा दिव्यासमोर धरलं. धरलं न धरलं तोच खाली घेतलं. आयुष्यात छापायला गेलेला एकही कागद त्यानं न वाचता हातावेगळा केला नव्हता. आत आईच्या दोन ओळी होत्या, त्या कशा होत्या, त्यात त्याच्याबद्दल काय होतं, ते ताईला कळणार होतं, मेकॅनिकला कळलं होतं, त्याला कळणार नव्हतं.

त्यानं पाकीट पेटीत टाकलं आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत थांबला.